क्षेपणभूमीचा उपकर नेमका कुठे जातो आणि जुन्या कचऱ्याच्या सफाईचा खर्च कोण भरतो?

हिशेबनीस

आमच्या आस्थापनेतला रोजचा कचरा आणि दुरुस्तीच्या कामांतून अधूनमधून निघणारा राडारोडा एक कंत्राटदार उचलतो व क्षेपणभूमीवर नेऊन टाकतो. त्याची देयके तपासून मंजुरीसाठी पुढे पाठवणे हे माझे काम आहे. प्रत्येक देयकावर वजनाखाली दोन ओळी असतात. पहिली ओळ क्षेपणभूमीच्या चालकाच्या प्रवेशशुल्काची असते आणि दुसरी सरकारी उपकराची. गेल्या काही वर्षांत दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी होत गेली आहे.

परवा वरिष्ठांनी सही करताना विचारले, "हा उपकर पर्यावरणासाठी आहे ना? मग उद्या त्या जागेतून काही झिरपले, विहिरी बिघडल्या, तर त्याची भरपाई यातूनच होणार ना?" मी "होय" म्हणणार होतो, पण खात्री नसल्याने थांबलो. त्यानंतर कंत्राटदाराला विचारले. त्याने एवढेच सांगितले की तो पैसे गोळा करून पुढे भरतो आणि त्यापलीकडे त्याला काही माहीत नाही.

उपकराचे पैसे प्रत्यक्षात कशावर खर्च होतात आणि क्षेपणभूमी बंद झाल्यावर किंवा ती दूषित असल्याचे उघड झाल्यावर सफाईचा खर्च कोणाच्या माथी येतो, असे माझे दोन प्रश्न आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

काटेवाला

वरिष्ठांना "होय" म्हणाला नाहीत, हे बरे झाले. मी काही वर्षे एका क्षेपणभूमीच्या वजनकाट्यावर होतो आणि ती बंद झाल्यावर तिच्या देखभालीच्या पथकात काम केले, त्यामुळे या पैशांची वाट मी दोन्ही टोकांकडून पाहिली आहे.

देयकावर आपल्याला दोन ओळी दिसतात, पण विचार करायचा तो तीन वेगवेगळ्या पैशांचा. पहिला पैसा म्हणजे प्रवेशशुल्क. ही चालकाची किंमत असून तिच्यातून जमीन, तळाचे चिकणमातीचे व प्लास्टिकचे अस्तर, यंत्रसामग्री, पगार आणि नफा निघतो. दुसरा उपकर. तो चालक सरकारच्या वतीने टनामागे वसूल करतो आणि जसाच्या तसा पुढे भरतो. त्यातला एक पैसाही त्या जागेसाठी राखून ठेवलेला असेलच असे नाही. तिसरा पैसा देयकावर दिसत नाही, पण आपल्या वरिष्ठांचा प्रश्न खरे तर त्याच्याविषयी आहे. परवाना देताना चालकाकडून घेतलेली आर्थिक हमी म्हणजे हा तिसरा पैसा. ती बँक हमीच्या, विमापत्राच्या किंवा वेगळ्या खात्यात दरवर्षी भरायच्या रकमेच्या स्वरूपात असते आणि जागा शास्त्रोक्त पद्धतीने बंद करणे व त्यानंतर तिची देखभाल करणे यांसाठीच ती वापरायची असते.

युरोपीय संघाच्या १९९९ च्या क्षेपणभूमीविषयक निर्देशात म्हटले आहे की उभारणी, चालवणे, आर्थिक हमी, बंद करणे आणि त्यानंतरची किमान ३० वर्षांची देखभाल हा सगळा खर्च शक्य तितका प्रवेशशुल्कातूनच निघाला पाहिजे. अमेरिकेतही घनकचऱ्याच्या क्षेपणभूमींना बंद झाल्यानंतर ३० वर्षांच्या देखभालीची तरतूद करून ठेवावी लागते. म्हणजे आपण भरलेल्या पहिल्या ओळीचा एक हिस्सा, चालकाने तो इमानेइतबारे बाजूला ठेवला असेल तर, पुढच्या गळतीसाठीच आहे. दुसऱ्या ओळीचा तिच्याशी थेट संबंध नाही.

देखभाल म्हणजे काय, हेही सांगतो, कारण ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांना वाटते की वर माती पसरून गवत लावले की काम संपले. आमच्या जागेवर गवत सुंदर उगवले होते. त्याच्या खाली, उताराच्या टोकाला, एक काँक्रीटचा हौद होता आणि कचऱ्यातून झिरपून आलेले काळे, अमोनियाचा उग्र वास येणारे पाणी, म्हणजेच लीचेट, त्यात जमा होई. कोरड्या दिवसांत पंप दिवसातून एखाद्या वेळी चाले. सलग पाऊस लागला की तो रात्रभर बंद होत नसे आणि टँकरच्या खेपा वाढत जात. जागा बंद होऊन कित्येक वर्षे उलटली होती आणि एक रुपयाचेही उत्पन्न नव्हते, पण पंपाचे वीजबिल, टँकरचे भाडे, मिथेन काढून घेणाऱ्या नळ्यांची दुरुस्ती आणि भोवतालच्या निरीक्षण विहिरींच्या पाण्याची तपासणी हे सारे सुरूच होते.

कोषागार

काटेवाला यांनी केलेली विभागणी अचूक आहे. मी फक्त दुसऱ्या ओळीविषयी, म्हणजे उपकराविषयी लिहितो, कारण त्याच्या नावामुळे होणारा गैरसमज फार पसरलेला आहे.

बहुतेक देशांत हा उपकर पैसा उभा करण्यासाठी आलाच नाही. कचरा पुरणे हा सर्वांत स्वस्त मार्ग असतो आणि तो स्वस्त राहिला तर वर्गीकरण, पुनर्वापर किंवा कंपोस्ट यांत कोणी पैसे घालत नाही. म्हणून पुरणे मुद्दाम महाग करायचे, हा त्यामागचा विचार आहे. ब्रिटनने १ ऑक्टोबर १९९६ रोजी क्षेपणभूमी कर आणला तेव्हा दर टनामागे ७ पौंड होता आणि माती-दगडांसारख्या निष्क्रिय कचऱ्यासाठी तो २ पौंड होता. पुढे तो दरवर्षी ठरवून चढवत नेला. २०१४ साली तो ८० पौंड झाला आणि एप्रिल २०२५ पासून १२६ पौंड १५ पेन्सवर गेला. त्या कराचे उत्पन्न मात्र पर्यावरणासाठी राखून ठेवलेले नव्हते. ते सर्वसाधारण तिजोरीत जाते, आणि कर सुरू करताना त्याच्या बदल्यात कर्मचाऱ्यांपोटी मालकांनी भरायचा राष्ट्रीय विमा हप्ता थोडा कमी करण्यात आला होता. म्हणजे कामावरचा बोजा हलका करून तो कचऱ्यावर टाकला, असा तो सौदा होता. मला तो तर्क पटतो, पण त्याला सफाईचा निधी म्हणता येणार नाही.

त्यातून थोडी वाट पर्यावरणाकडे काढून दिलेली होती, हेही नोंदवायला हवे. क्षेपणभूमीच्या चालकाने आपल्या कराच्या काही भागाइतकी देणगी नोंदणीकृत पर्यावरण संस्थांना दिली, तर त्या देणगीच्या ९० टक्क्यांइतकी वजावट त्याला करातून मिळे. त्या पैशांतून क्षेपणभूमींच्या परिसरात उद्याने झाली, सामाजिक सभागृहांची डागडुजी झाली, अधिवासांचे संवर्धन झाले. लोकांना ही कामे डोळ्यांना दिसतात आणि "उपकर पर्यावरणासाठी वापरला जातो" हे वाक्य बहुधा तिथूनच रूढ झाले असावे.

दुसरी पद्धत न्यूझीलंडची आहे. तिथे २००८ च्या कायद्यानुसार जुलै २००९ पासून टनामागे १० डॉलर उपकर सुरू झाला आणि त्यातला निम्मा हिस्सा लोकसंख्येच्या प्रमाणात स्थानिक संस्थांना, कचरा कमी करण्याच्या कामांसाठीच, वाटला जाऊ लागला. उरलेल्या रकमेतून, प्रशासनाचा खर्च वजा जाता, त्याच कामाच्या प्रकल्पांना अनुदान मिळे. ही राखीव पद्धत प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण पैसे कुठे गेले ते दाखवता येते. पण इथेही खर्चाचे शीर्षक "कचरा कमी करणे" असे होते. साचलेला जुना कचरा साफ करणे हे त्यात बसत नव्हते.

तिसरी पद्धत आपल्या वरिष्ठांच्या मनातली आहे आणि ती अस्तित्वात आहे. ऑस्ट्रियाने १९८९ साली जो कायदा केला तो मुळात जुन्या दूषित जागांच्या सफाईचाच होता. कचरा पुरण्यावर टनामागे शुल्क लावायचे आणि ते पैसे दूषित जागा शोधणे, सुरक्षित करणे व साफ करणे यांसाठीच वापरायचे, असे त्यात ठरले. स्वित्झर्लंडमध्येही क्षेपणभूमीवरच्या शुल्कातून एक निधी उभा केला असून पात्र ठरलेल्या जुन्या जागांच्या तपासणीचा व सफाईचा बराचसा वाटा, बहुतांशी ४० टक्के, केंद्र सरकार त्यातून उचलते. बाकीचा भार प्रदूषणकर्ता, आणि तो सापडला नाही तर प्रादेशिक सरकार, यांच्यावर राहतो.

यात एक पेच आहे आणि तो कोणत्याही हिशेब ठेवणाऱ्याला लगेच कळेल. उपकर यशस्वी झाला की पुरला जाणारा कचरा घटतो आणि त्याबरोबर उत्पन्नही घटते. ब्रिटनमध्ये एके काळी वर्षाला एक अब्ज पौंडांच्या वर गेलेले या कराचे उत्पन्न पुढे दर वाढत असतानाही बरेच खाली आले. ज्या देशाने सफाईचा खर्च या एकाच खांबावर उभा केला आहे, त्याला सफाईची कामे निम्म्यावर असतानाच नवा खांब शोधावा लागतो. ऑस्ट्रियाने पुढे कचरा जाळण्यावरही हे शुल्क लावले.

उलटतपासणी

वरील दोन्ही प्रतिसादांत उपकर नीट वसूल होतो असे गृहीत धरले आहे. तो किती चुकवला जातो, यावरही कोणीतरी लिहायला हवे.

वर दिलेले ब्रिटनचे दर पाहा. २०२५ साली पूर्ण दर १२६ पौंडांच्या वर होता, तर निष्क्रिय कचऱ्याचा दर जेमतेम ४ पौंड होता. वजनकाट्यावरच्या पावतीत "मिश्र कचरा" या शब्दांऐवजी "माती" असा शब्द लिहिला की टनामागे सुमारे १२२ पौंड वाचत. कचरा चाळल्यावर चाळणीखाली राहणारा चुरा दिसायला मातीसारखाच असतो, पण त्यात लाकूड, कागद, प्लास्टिक मिसळलेले असते. म्हणूनच तिथे त्या चुऱ्याचा नमुना भट्टीत जाळून त्याचे वजन किती घटते ते पाहण्याची चाचणी सक्तीची करावी लागली. जो इतकेही कष्ट घेत नाही, तो रात्री एखाद्या शेतात गाडी रिकामी करून जातो. २०१८ पासून इंग्लंडमध्ये बेकायदा टाकलेल्या कचऱ्यावरही हा कर लागू केला आहे, पण टाकणारा सापडला तरच तो लागणार. सापडला नाही तर सफाई जमीनमालकाच्या गळ्यात पडते. त्याने ना कचरा केला, ना पैसे वाचवले.

उपकर शेजारच्या प्रदेशाइतका नसेल तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. क्वीन्सलँडने डिसेंबर २०११ मध्ये उपकर लावला आणि जुलै २०१२ मध्ये रद्द केला. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये तो चढाच राहिला. मग ट्रक शेकडो किलोमीटर उत्तरेकडे धावू लागले, कारण डिझेलचा खर्च धरूनही ते स्वस्त पडत होते. जुलै २०१९ मध्ये क्वीन्सलँडला टनामागे ७५ डॉलरने उपकर पुन्हा आणावा लागला. त्या वेळी घरगुती कचऱ्याचा बोजा नागरिकांवर पडू नये म्हणून सरकारने स्थानिक संस्थांना त्या उपकराच्या १०५ टक्के रक्कम आगाऊ परत दिली. राजकीयदृष्ट्या ते शहाणपणाचे असेल. पण ज्याला झळ लागत नाही तो कचरा कमी कशाला करील? घरातून निघणाऱ्या कचऱ्यातला मोठा भाग वेष्टनांचा असतो आणि ते वेष्टन ठरवणारा उत्पादक या साखळीत कुठेच पैसे भरत नाही. "प्रदूषण करणाऱ्याने भरावे" हे तत्त्व आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) १९७२ सालीच मांडले, पण प्रदूषण करणारा कोण, हा वाद अजून मिटलेला नाही.

हिशेबनीस

सर्वांचे आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि वरिष्ठांना तीन पैशांचा फरक समजावूनही सांगितला. त्यांनी लगेच विचारले की आर्थिक हमीची पद्धत येण्याआधी जे पुरले गेले त्याचे काय. तिथे ना हमी, ना उपकर, आणि चालक कंपनीही बहुधा शिल्लक नसणार. शिवाय ३० वर्षे संपल्यावर पंप कोण चालवतो?

जुनी जमीन

हमी येण्याआधीच्या जागांसाठी दोन मार्ग आहेत. एक तर इतिहासात मागे जाऊन जबाबदार माणूस शोधायचा, नाहीतर सगळ्यांनी मिळून भरायचे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात होते आणि शेवट दुसऱ्यापाशी होतो.

पहिल्या मार्गाचे सर्वांत कठोर रूप अमेरिकेत आहे. नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या अर्धवट सोडलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४० आणि १९५० च्या दशकांत सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ साली ती जमीन स्थानिक शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. तिथे शाळा झाली, घरे झाली, पुढे तळघरांत रसायने वर आली आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. डिसेंबर १९८० मध्ये त्यांनीच सही केलेल्या, सुपरफंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने जागेचा आजचा मालक, त्या वेळचा चालक, कचरा पाठवणारा आणि जागा निवडून वाहतूक करणारा अशा सर्वांना जबाबदार धरले. त्या वेळी ते कृत्य कायदेशीर होते, हा बचाव चालत नाही. आणि नुकसान वेगळे काढता येत नसेल तर सापडलेल्या एकाकडूनही पूर्ण खर्च वसूल करता येतो, मग त्याने इतरांकडे आपापला वाटा मागत बसावे. हूकरची उत्तराधिकारी असलेल्या ऑक्सिडेंटल कंपनीने केंद्र सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले, तेव्हा १९९५ साल उजाडले होते.

ज्या जागांना वालीच उरलेला नाही, त्यांच्यासाठी खनिज तेल आणि रसायनांवर कर लावून निधी उभारला होता. तो कर १९९५ च्या अखेरीस संपला आणि संसदेने त्याची मुदत वाढवली नाही. साठलेली रक्कम काही वर्षांत आटली व पुढची कामे सामान्य करदात्याच्या पैशांतून होत राहिली. रसायनांवरचा कर २०२२ च्या जुलैपासून आणि तेलावरचा २०२३ च्या जानेवारीपासून पुन्हा सुरू झाला. मधल्या पंचवीसेक वर्षांत या बेवारस जागांचा खर्च त्या उद्योगांवरून उतरून सर्वांवर गेला होता. एखाद्या कराची मुदत संपू देणे हाही एक निर्णय असतो, पण त्याची बातमी होत नाही.

कंपनी दिवाळखोरीत निघाली की काय होते, याचा एक जुना धडा इंग्लंडचा आहे. १९९९ साली तिथल्या अपील न्यायालयाने ठरवले की कचरा व्यवस्थापनाचा परवाना ही ओझे बनलेली मालमत्ता समजून दिवाळखोरीतला परिसमापक, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, ती सोडून देऊ शकतो. परवाना सुटला की त्यातल्या अटीही सुटतात. हमीची रक्कम कंपनीच्या इतर पैशांपासून वेगळी आणि तिच्या हाताबाहेर ठेवणे किती गरजेचे आहे, हे अशा वेळी कळते.

आणि प्रदूषणकर्ता सापडला म्हणजे सरकार सुटले, असेही नाही. स्वित्झर्लंडमधल्या कोलिकेन येथील विषारी कचऱ्याची क्षेपणभूमी १९७८ ते १९८५ एवढीच चालली. पुढे वासाने व गळतीने ती बंद पडली आणि शेवटी हवा बाहेर जाऊ नये म्हणून आत कमी दाब राखलेली प्रचंड शेड उभारून संपूर्ण कचरा खणून काढावा लागला. खर्च ९० कोटी फ्रँकच्या आसपास गेला. ती चालवणाऱ्या संघात दोन प्रादेशिक सरकारे आणि झुरिक शहर यांचाच वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता, रसायन उद्योगाचा दहा टक्क्यांहूनही कमी. सात वर्षे स्वस्तात पुरलेल्या कचऱ्याचे बिल पुढच्या पिढीच्या करदात्यांनी भरले.

न्यूझीलंडचा उल्लेख वर आला आहे, त्याला ही जोड देतो. मार्च २०१९ मधल्या अतिवृष्टीत फॉक्स नदीने काठावरची एक जुनी, बंद केलेली क्षेपणभूमी फोडली आणि कचरा नदीपात्रातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून गेला. तो स्वयंसेवकांनी आणि पुढे सैन्याच्या मदतीने हातांनी वेचावा लागला. मोजक्या लोकवस्तीच्या त्या जिल्ह्याला हा खर्च एकट्याने झेपणारा नव्हता. २०२४ साली तिथल्या कायद्यात दुरुस्ती होऊन उपकराचे पैसे दूषित जागांसाठीही वापरण्याची मुभा मिळाली. आज कचरा टाकणारा तिथे आजोबांच्या कचऱ्याचेही पैसे भरतो.

काटेवाला

३० वर्षांनंतरच्या पंपाविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर देतो. कायद्यातला आकडा कचऱ्याला माहीत नसतो. लीचेटमधला अमोनिया अनेक दशके, काही ठिकाणी त्याहूनही जास्त काळ, वरच राहतो, आणि तळाचे अस्तरही कायमचे टिकत नाही.

नेदरलँड्सने हे उघडपणे मान्य केले. १९९८ पासून तिथे लागू झालेल्या कायद्यानुसार १ सप्टेंबर १९९६ नंतरही चालू असलेल्या क्षेपणभूमींच्या बंद झाल्यानंतरच्या देखभालीची जबाबदारी प्रांतिक सरकारांकडे कायमची जाते, आणि त्यासाठी लागणारे भांडवल चालकाकडून आधीच वसूल केले जाते. ते भांडवल गुंतवायचे आणि त्याच्या परताव्यावर देखभाल चालवायची. हिशेबनीस यांना यातली मेख लगेच कळेल: वर्षाला दहा लाखांचा खर्च कायम चालवायचा असेल आणि महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला, तर २ कोटी पुरतात, परतावा २ टक्के धरला तर ५ कोटी लागतात. कचरा तोच, पंप तोच, फक्त व्याजदर उतरला आणि लागणारे भांडवल अडीचपट झाले. तेवढ्यात क्षेपणभूमी बंद झालेली असेल तर ही तूट कोणत्याही प्रवेशशुल्कातून भरून निघत नाही. व्याजदर घसरल्यावर तिथे प्रांत आणि चालक यांच्यात नेमका याच मुद्द्यावर वाद झाला.

आता आपल्या फायलीपुरते सांगतो. देयकावरची उपकराची ओळ पाहून निश्चिंत होऊ नये. कंत्राटदाराकडून त्या क्षेपणभूमीच्या परवान्याची प्रत मागवावी, तिच्यात बंद केल्यानंतरच्या देखभालीची हमी किती रकमेची आहे आणि ती कोणाच्या नावे आहे ते पाहावे, आणि आपल्या राडारोड्याची नोंद "माती" अशी होत नाही ना, हे एखाद्या महिन्याच्या पावत्या काढून तपासावे. मी काट्यावर असताना एका गाडीचा चालक दर खेपेला "माती" सांगत असे आणि मागच्या फळीतून गादीचा स्पंज बाहेर आलेला असे.

काट्याच्या पावत्या मात्र फेकू नका, लेखापरीक्षण झाल्यानंतरही नाही. वर सांगितलेल्या सुपरफंडच्या प्रकरणांत कोणी किती भार उचलायचा हे ठरवताना अनेकदा जुन्या पावत्या, देयके आणि वाहतुकीच्या नोंदीच पुराव्यासाठी पुढे आल्या. अगदी थोडा कचरा पाठवणाऱ्यांना ठराविक रक्कम भरून मोकळे होण्याची सोय त्या कायद्यात १९८६ साली झाली. पण आपला कचरा थोडाच होता, हे सांगायला कागद लागतो, आणि तो कागद आज आपल्या टेबलावर आहे.